किहीमकरांची मुंबई

अलिबागहून रेवसकडे जाणारी एस.टी. चोंढीच्या नाक्यावर थांबते. तेथे उतरून डाव्या हाताला समुद्राच्या दिशेने चालू लागावे, की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या सावलीतली कौलारू घरे मागे टाकीत आपण किहीमच्या पुळणीवर येतो. दक्षिणेला खांदेरी-उंदेरीचे जोडकिल्ले दिसतात. रात्री हवा निवळ असली तर उत्तरेच्या क्षितिजावर मुंबईच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असतो. मुंबईकर येथे शनिवार-रविवार विसाव्याला येतात. गेटवेहून मांडव्याला लाँच आहेत, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे उतरवणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. थोडे वाचन असलेल्यांना एवढे ठाऊक असते, की १९३० साली हाताशी नोकरी नसलेले सालिम अली येथे राहिले, त्यांनी शिडीवर बसून सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि त्या अभ्यासाने पुढे त्यांचे नाव झाले. म्हणजे मुंबईहून किहीमला येणाऱ्यांची हकीकत लोकांना माहीत आहे. आम्हांला आज लिहायचे आहे ते उलट्या वाटेविषयी, किहीमहून आणि किहीमच्या शेजारगावांहून मुंबईला गेलेल्या माणसांविषयी.

असे लिहावेसे वाटण्याला एक घरगुती निमित्त घडले. आमच्या धर्मग्रामात गेली काही वर्षे झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशाकडचे आदिवासी बांधव मजुरीसाठी व बंगल्यांच्या राखणीसाठी येऊन राहिले आहेत. त्यांतील पुष्कळ जण कॅथोलिक आहेत. रविवारच्या मिस्सेला ते मागच्या बाकांवर बसतात आणि मराठी गीते ओठांतल्या ओठांत म्हणतात. मागल्या नाताळापूर्वी त्यांच्यातील दोन तरुण आमच्याकडे आले. मध्यरात्रीच्या मिस्सेत सादरी भाषेतले एक गीत मांदर वाजवून म्हणू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. विषय धर्मग्राम परिषदेपुढे ठेवला. तेथे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ज्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे, स्पष्टच सांगितले, “फादर, आज गीत, उद्या भाषा, परवा देऊळ. बाहेरून आलेल्यांनी आपली परंपरा बिघडवू नये.” सभेत कोणी उलट बोलले नाही. आम्हीही त्या दिवशी गप्पच राहिलो, आणि ते आमच्या मनाला लागून राहिले. “बाहेरून आलेले” हा शब्द या किनाऱ्यावर उच्चारायचा, तर आधी किहीमकरांची गोष्ट सांगितली पाहिजे.

किहीमकर हे आडनाव ऐकून वाचकांना वाटेल, कोणी आगरी किंवा पाठारे प्रभू कुटुंब असेल. ज्या किहीमकरांचे नाव इतिहासात राहिले ते होते हाईम सॅम्युएल किहीमकर, धर्माने यहुदी, भाषेने मराठी. कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएल समाजात १८३० साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या जातभाईंची आडनावे नुसती वाचीत गेले तरी रायगड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. आवासचे आवासकर, झिराडचे झिराड, थळचे थळकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, आपट्याचे आपटेकर, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर, दिवेआगरचे दिवेकर. आवास आणि झिराड ही तर किहीमची अगदी शेजारची गावे.

हे लोक येथे आले कसे? त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व पोहत नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावातच पुरली गेली असे सांगतात, आणि ती जागा आजही दाखवली जाते. किहीमकरांनी आपल्या ग्रंथात असे मत मांडले, की राजा अंतियोख एपिफानेस याच्या काळात, म्हणजे इ.स.पूर्व १७५ च्या सुमारास, त्यांच्या पूर्वजांनी गालील प्रांत सोडला असावा. हा अंतियोख आपणांस अनोळखी नाही. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये मक्काबींचे दोन ग्रंथ आहेत. त्यांत आपल्या सात मुलांना डोळ्यांदेखत मरताना पाहणारी जी माता आहे, ती याच राजाच्या छळाची साक्षीदार. किहीमकरांच्या अनुमानाला बळ देणारी एक गोष्ट अशी, की कोकणातल्या बेने इस्राएलांना हनुक्का हा सण ठाऊकच नव्हता. मक्काबींनी यरुशलेमचे मंदिर शुद्ध करून पुन्हा अर्पण केले त्याचा हा सण. योहानकृत शुभवर्तमानात प्रभू येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता तो याच सणाच्या दिवसांत. ज्यांच्या स्मृतीत हा सण नाही ते त्या घटनेपूर्वीच निघाले असले पाहिजेत, असा हा तर्क आहे. सगळ्याच इतिहासकारांना तो पटत नाही. काही जण हे आगमन पुष्कळ अलीकडचे मानतात. आम्हांला त्या वादात पडायचे नाही. गलबत कोणत्याही शतकात फुटलेले असो, उतरलेली माणसे परकी होती आणि कोकणाने त्यांना जागा दिली.

त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनिवार तेली. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ तर समुद्रातच गेले होते. उरले काय? शब्बाथ, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. दाविद रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला तेव्हा त्याने या लोकांची परीक्षा घेतली, अशी एक कथा आहे. त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवून रांधायला सांगितले. त्यांनी खवले व पर असलेले तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. लेवीय ग्रंथातला नियम पुस्तकाशिवाय, चुलीपाशी, आईकडून मुलीकडे असा चालत आला होता. बाहेरचे मात्र त्यांनी पुष्कळ घेतले. नऊवारी साडी, मंगळसूत्र, हळद आणि मराठी बोली त्यांची झाली. एलीया संदेष्ट्याच्या नावाने ते मलिदा करू लागले. पोहे, खोबरे, गोड आणि फळे घातलेले ते ताट पाहिले, तर कोकणातल्या कोणत्याही घरचा प्रसाद वाटावा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलीयाच्या रथाची खूण असल्याचे ते मानतात व तेथे नवस फेडतात. ‘एलियाहू हन्नाबी’ हे नाव कोकणच्या मातीत असे रुजले.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की हे लोक कोकणातच राहते तर काय बिघडले असते? बिघडले काहीच नसते. ते चांगले तेली राहिले असते, आणि त्यांच्या समाजाचा इतिहास कोणी लिहिला नसता.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कंपनी सरकारला पलटणीत माणसे हवी होती आणि कोकणातल्या घाण्यावर एका भावापुरतेच काम असे. पलटणीत त्यांनी नाव मिळवले, अनेक जण देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांतले एक सॅम्युएल एझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सांगतात, की टिपूच्या आईने त्यांची जात विचारली आणि ‘बेने इस्राएल’ हे उत्तर ऐकून, ज्या लोकांचे नाव आपल्या धर्मग्रंथात आदराने घेतले आहे त्यांतला हा, म्हणून जीवदान देवविले. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिले सभास्थान बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोक मात्र त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. स्वतः बेने इस्राएलही आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले, आणि हार्बर व मध्य रेल्वेने रोज जाणारे आमचे वाचक ज्या ‘मशीद’ स्थानकावरून जातात त्याचे नावही या सभास्थानावरूनच पडले अशी आख्यायिका आहे. मराठी बोलणाऱ्या यहुद्याने, मुसलमान राणीच्या दयेची आठवण ठेवून, इंग्रजांच्या शहरात बांधलेले हे सभास्थान. यात कोणती परंपरा कोणाची बिघडवते, ते आमच्या परिषदेतील वडीलधाऱ्यांनी सांगावे!

शहरात आल्यावर या समाजाचे जे झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सामान्य समज असा, की गावात माणूस आपली परंपरा जपतो आणि शहरात ती हरवतो. बेने इस्राएलांच्या बाबतीत उलट घडले. गावात त्यांच्याजवळ एक प्रार्थना आणि काही रीती होत्या, मुंबईत त्यांना आपला धर्म समग्र सापडला. कोचीनहून यहुदी शिक्षक आले, त्यांनी हिब्रू शिकवली. बगदादहून व्यापारी आले, त्यांच्याबरोबर पूजापद्धती आली. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या. तेथे बेने इस्राएल मुले शिकली, आणि त्यांच्यातले काही जण शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, त्यांना या लोकांना ख्रिस्ती करायचे होते. फार थोडे झाले. बाकीच्यांनी जुना करार मराठीत वाचला, मिशनऱ्यांचे मनापासून आभार मानले आणि ते अधिक चांगले यहुदी झाले. सेमिनरीत असताना आम्ही ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा हसलो होतो. आता वाटते, की त्या प्रॉटेस्टंट बंधूंनी आपल्याला न कळत मोठेच पुण्य केले. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात यहुदी लोकांशी असलेले आपले नाते पुन्हा आठवून दिले. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी मुंबईत एक ख्रिस्ती पंडित यहुद्यांना त्यांची भाषा मराठीतून शिकवीत होता.

मग छापखाना आला. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाची पोथी, जिला ते ‘हग्गादा’ म्हणतात, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी शिळाप्रेसवर छापून निघाली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, तिला चित्रे आहेत. त्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी लाटीत व भाजीत आहेत. मिसर देशातून निघालेल्या इस्राएलाच्या स्मरणाची भाकरी, आणि ती थापणारे हात कोकणातल्या बाईचे! आम्ही पवित्र गुरुवारी वल्हांडणाच्या भोजनाचा पाठ वाचतो तेव्हा हे चित्र पुष्कळदा मनात येते. राजपूरकरांनी, म्हणजे जोसेफ एझिकेल यांनी, मुंबईत हिब्रू शिकवता शिकवता प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मराठी भाषेला धर्मग्रंथांच्या भाषांतराची सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स या १५७९ साली गोव्यात उतरलेल्या इंग्रज येशूसंघीयाने आपल्याला ‘क्रिस्तपुराण’ दिले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण आपल्या मराठीतले हे दुसरे, यहुदी दालन आपल्यापैकी कितींनी उघडून पाहिले आहे?

हाईम सॅम्युएल किहीमकर या घडामोडींच्या ऐन मध्यावर होते. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी समाजाच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. १८७५ साली भावांच्या व मित्रांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत इस्राएली शाळा उघडली. तेथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकवीत. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने तिला मदत दिली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीने ती त्यांच्या नावाची झाली आणि आजही माझगावात उभी आहे. तिथल्या वर्गांत आता यहुदी मुले जवळजवळ नाहीत. बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. किहीमहून निघालेल्या कुळातील एकाने आपल्या मूठभर समाजासाठी लावलेले झाड असे दुसऱ्यांच्या मुलांना सावली देत आहे. किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. हयातीत तो छापलेला पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. किहीमचे नाव असे समुद्रापार एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर गेले. किहीमच्या पुळणीवर घोडागाडीतून फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

परंतु आमच्या मते या स्थलांतराचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे यहुदी कीर्तन होय. एकशे सदतिसावे स्तोत्र आपण सर्व जाणतो. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले निर्वासित आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात, कारण परक्या भूमीत परमेश्वराचे गीत कसे गावे हा त्यांना प्रश्न पडतो. मुंबईच्या बेने इस्राएलांनी त्याचे उत्तर वेगळे दिले. १८८० च्या सुमारास बेन्जामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रांनी कीर्तनाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये आर्या, साकी, दिंडी, ओवी, साथीला टाळ नि पेटी, हा सगळा साज हरिकीर्तनाचा. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे, दाविदाचे. कीर्तनकार उभा राहून इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग रंगवीत असे आणि श्रोत्यांतल्या आजीबाई पदराने डोळे पुशीत असत. हिब्रू न येणाऱ्या त्या स्त्रियांना जुना करार खरा कळला तो कीर्तनातून.

हे कीर्तन गावी का जन्मले नाही? थळला, आवासला, नागावला हरिदासांची कीर्तने काय कमी होत होती? आमचा तर्क असा, की गावी बेने इस्राएल हा तेली होता. कीर्तन ऐकायला तो देवळाच्या ओट्याखाली बसला असेल, पण स्वतः उभे राहून ते करण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नसेल, कारण गावात प्रत्येकाची जागा ठरलेली. मुंबईत ती जागा मोडली. तेथे तो कारकून झाला, शिक्षक झाला, सुतारकाम-गवंडीकाम शिकला. ब्राह्मण, परभू, पारशी, ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या सभा-समाज त्याने जवळून पाहिले आणि त्याला वाटले, आपलेही काही असावे. आपलेपणाची ही भूक शहरात लागली, आणि ती भागवायला जी शिदोरी उघडली ती मात्र गावाहून बरोबर आणलेली होती. मुंबईच्या नाट्य, संगीत, वाङ्मय या सर्व व्यवहारात हेच घडत आले आहे असे आम्हांस दिसते.

पुढच्या पिढ्यांची नामावळी मोठी आहे, ती सगळी देत बसत नाही. जोसेफ डेव्हिड पेणकरांनी पारशी रंगभूमीसाठी नाटके लिहिली. त्यांच्याच नाटकावरून ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट झाला आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आपल्या चित्रपटांना वाचा फुटली ती पेणच्या एका तेली कुळातील माणसाच्या लेखणीतून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा ‘डॉ. ई. मोझेस मार्ग’ त्यांच्या नावाचा. झिराडचे नाव लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली, किती आयांचे प्राण वाचवले याची गणती नाही. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डेव्हिड अब्राहाम चेऊलकर यांना आपण नुसते ‘डेव्हिड’ म्हणून ओळखतो. ‘बूट पॉलिश’ या १९५४ च्या चित्रपटात त्यांनी जॉन चाचा असा उभा केला, की आमच्या लहानपणी तो चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात पडद्यावर दाखवीत तेव्हा मोठी माणसे त्यांना आपल्यातलाच कोणी समजत. त्या चित्रपटाचे संगीत शंकर-जयकिशन यांचे. या जोडीचा वाद्यवृंद पुढे वर्षानुवर्षे ज्यांनी सांभाळला ते सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. आणि निसीम एझिकेल! १९२४ साली मुंबईत जन्मून २००४ साली मुंबईतच वारलेल्या या कवीने इंग्रजीत लिहिले, इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्यास हातभार लावला, आणि ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या आत्मकथनपर कवितेत बिया गाळून पोट भरणाऱ्या आपल्या पूर्वजांचे स्मरण केले. घाण्याचा बैल असा थेट भारतीय इंग्रजी कवितेपर्यंत चालत आला.

हे सर्व गोड-गोड चालले होते असे मात्र कोणी समजू नये. बगदादी यहुदी श्रीमंत होते, गोरे होते आणि आपणांस अस्सल समजत. मराठी बोलणाऱ्या, सावळ्या बेने इस्राएलांना ते बरोबरीचे मानीनात. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत आपल्या व यांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी. मेल्यावरही शेजार नको! बेने इस्राएल तरी धुतल्या तांदळासारखे होते काय? त्यांच्यातही ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता व त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. कोकणाने त्यांना पोहे-खोबरे दिले तसा हा वाणही दिला. आम्ही कॅथोलिकांनी यावर फार बोलू नये हे बरे. बामण ख्रिस्ती, चारडो ख्रिस्ती ही नावे आपल्याच घरची आहेत.

आपल्या घरचा विषय निघालाच आहे, तर गोव्याच्या मंडळींची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईत धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’ होते, काही अजूनही आहेत. बोटीवर जाणारा खलाशी, साहेबाकडचा आचारी, बँडवाला असे सारे आपापल्या पेट्या भिंतीशी लावून तेथे राहत. संध्याकाळी सायबिणीच्या अल्तारापुढे रोजरी म्हणत. हा समाज कोकणी ‘तियात्र’ पाहायला जाऊ लागला. ते तियात्र गोव्यात जन्मले असे पुष्कळांना वाटते. पहिले तियात्र, लुकासिन्यू रिबेरो यांचे ‘इटालियन भुरगो’, १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले. इटालियन ऑपेरा पाहिलेला, घरापासून दूर असलेला गोंयकार होता म्हणून ते झाले. आज गोव्यात तियात्राला स्वतःची अकादमी आहे. मुंबईने गोव्याला त्याचीच भाषा नव्या रूपात परत पाठवली.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आक्षेप असा, की जे हलले नाहीत त्यांनीच काही जपले. कोर्लईकडे पाहा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या कॅथोलिक गावात पोर्तुगीजांपासून निघालेली एक बोली आजही घरोघरी बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज १७४० साली हा किल्ला सोडून गेले, भाषा राहिली. लोक गावातच राहिले म्हणून ती राहिली, हे खरे आहे. पण ती भाषा मुळात कशातून झाली? लिस्बनहून आलेले शिपाई आणि येथल्या बायका एका चुलीशी बसल्या, त्यातून. कोर्लईच्या देवळाची पालक माउंट कार्मेलची माता आहे, आणि कार्मेल डोंगर म्हणजे एलीया संदेष्ट्याचा डोंगर. अलिबागच्या एका अंगाला खंडाळ्यात एलीयाचा खडक, दुसऱ्या अंगाला कोर्लईत कार्मेलची माता! दोन्हीही समुद्रमार्गेच आले.

दुसरे उदाहरण किहीमच्या उत्तरेचे, सासवण्याचे. विनायक पांडुरंग करमरकर तेथे १८९१ साली जन्मले. गावच्या भिंतींवर चित्रे काढणारा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, नंतर कलकत्त्यात त्याने आपली शिल्पशाळा थाटली. पुण्याचा शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला, माझगावच्या गोदीत तो ओतला गेला आणि १९२८ साली उभा राहिला. एवढे करून करमरकर सासवण्यास परतले. त्यांच्या घरी आज जे संग्रहालय आहे तेथे गावची साधी माणसे आणि एक म्हैस अशी सिमेंटमध्ये बसली-उभी आहेत, की हात लावून पाहावेसे वाटते. ते गावातच राहिले असते तर म्हैस त्यांनी रोज पाहिली असती, पण ती अशी घडवता आली असती काय, याची शंका वाटते.

तरीही खर्च झालाच, तो लपवू नये. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल पुन्हा गलबतात बसले, या वेळी स्वेच्छेने. तेथेही काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांविषयी शंका काढली, त्यांना निदर्शने करावी लागली, आणि १९६४ साली सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानल्याचे जाहीर केले. सात जोडप्यांच्या वंशजांना दोन हजार वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागली, आणि या वेळी समोर मासे नव्हते, कागदपत्रे होती. अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन अबोत’ हे सभास्थान अजून आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे जमवणे आता सोपे राहिलेले नाही. कोकणच्या गावांतले तेलघाणे कधीच थांबले. तिकडे इस्राएलात मात्र, अश्दोद नि दिमोनासारख्या शहरांत, पुरणपोळी होते आणि एलीयाचा मलिदाही होतो. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिकडून निघाले. मुंबईने ज्यांना हिब्रू शिकवली ते हिब्रूच्या देशात जाऊन मराठी छापू लागले.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली ‘एक्सुल फामिलिया’ हे पत्र काढले. त्यात नाझरेथचे पवित्र कुटुंब, रातोरात मिसरला पळालेले, सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हणून समोर ठेवले आहे. सेमिनरीत ते आम्ही परीक्षेसाठी वाचले होते. परिषदेच्या त्या सभेनंतर पुन्हा काढून वाचले, आणि आपण गप्प का बसलो, याची लाज वाटली. छोटा नागपूरच्या ज्या आदिवासींची गाणी आमच्या देवळात नकोत, त्यांना ख्रिस्ताची ओळख ज्यांच्या कष्टाने घडली ते फादर कॉन्स्टंट लीवन्स १८८५ साली तेथे गेले होते बेल्जियमहून. आमच्या देवळातली घंटा, तिच्यावरची अक्षरे, वेदीमागची सायबिणीची मूर्ती, यांतले काहीच या गावचे नाही. आमचे पणजोबाही या गावचे नव्हते, आणि ज्या वडीलधाऱ्यांनी तो आक्षेप घेतला, त्यांचेही नव्हते. हे आम्ही त्यांच्या घरी चहाला जाऊन त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्या मुलांचे गीत आहे तरी कशाविषयी?”

आम्हांलाही ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्या दोन तरुणांना थांबवून विचारले. रात्री शेत राखणाऱ्या माणसाला तारा दिसतो, त्याविषयी आहे म्हणाले. आमच्या गायनमंडळीतल्या एका मुलीने ते शब्द देवनागरीत उतरवून घेतले आहेत. चाल अजून कोणाला पुरती बसलेली नाही, आणि मांदर आणायला त्यांच्यातला एक जण दिवाळीत गुमल्याला जाणार आहे.